नेमून दिलेले वाचन

रविवारच्या उपदेशासाठी शास्त्रातील कोणता उतारा घ्यावयाचा हे उपदेशकाने ठरवावे, की सर्वांसाठी आगाऊ आखून ठेवलेल्या वाचनक्रमाने, हा प्रश्न त्रयस्थाला धर्मकारभारातील एखाद्या किरकोळ बाबीसारखा वाटण्याचा संभव आहे. परंतु नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती समाजाच्या सेवेत ज्यांचे सारे आयुष्य गेले अशा माझ्या परिचयाच्या दोन वृद्ध गृहस्थांना तो गेली कित्येक वर्षे पुरला आहे, आणि त्यांच्या बोलण्याला हजर राहण्याचे भाग्य मला वारंवार लाभल्यामुळे, ज्याला आपण बारीकसारीक तपशील समजतो त्यात श्रद्धेचा केवढा भाग गुंतलेला असतो, हे मला हळूहळू उमगत गेले. त्यांपैकी एक जण अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतील मंडळ्यांत अडतीस वर्षे पाळक होते. दुसरे रोमन कॅथलिक, एका मिशन शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, आणि रविवारच्या मिस्सेत पहिले वाचन करण्याची जबाबदारी तरुणपणापासून निष्ठेने सांभाळणारे. पहिल्यांना सारे पाळकसाहेब म्हणतात, दुसऱ्यांना मास्तर. येथेही तीच संबोधने ठेवतो.

तो रविवार आषाढातला होता. मृग कोरडा गेला होता, आर्द्रांनीही निराशा केली होती, आणि पुनर्वसूच्या दोन हलक्या सरींवर भरवसा ठेवून काहींनी बाजरीची पेरणी उरकून घेतली होती, तर बाकीचे घरात बियाणे ठेवून आभाळाकडे डोळे लावून बसले होते. मास्तरांच्या ओट्यावर चहा झाला, आणि पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे विचारले,

“मास्तर, आज तुमच्याकडे काय वाचले?”

“पेरणाऱ्याचा दाखला. मत्तयाचा तेरावा अध्याय. आणि त्याआधी यशयाचा पंचावन्नावा, ज्यात देवाच्या वचनाला पावसाची उपमा दिली आहे तो भाग.”

“आणि पाऊस कोठे आहे?”

प्रश्न विचारताना पाळकसाहेबांचा स्वर खाली आला होता. ज्या खेड्यांत त्यांनी सेवा केली तेथल्या माणसांचे चेहरे त्यांच्या डोळ्यांपुढे असावेत.

“माझी हरकत हीच आहे,” ते म्हणाले. “आमच्या तालुक्याचे पर्जन्यमान, आमच्या लोकांच्या डोक्यावरची देणी, आमच्या घरांतली आजारपणे, यांपैकी कशाचीही दखल घेणे ज्यांना शक्य नव्हते, अशा दूरदेशीच्या विद्वानांनी एक तक्ता आखला, आणि हुजुराचा हुकूम मामलेदाराने तामील करावा तसा तो तुम्ही वर्षानुवर्षे तामील करता. पाळक हा मेंढपाळ आहे, मास्तर. गुरुवारी ज्या घरच्या तरुण मुलाला आम्ही माती देऊन आलो, त्या घरची माणसे रविवारी समोर बसलेली असताना मी द्राक्षमळ्यातील मजुरांच्या मजुरीचा हिशेब त्यांना समजावत बसू काय? त्यांना कोणते वचन हवे हे मला ठाऊक असते, कारण मी त्यांच्या चुलीपाशी बसून आलेलो असतो.”

मास्तरांनी लगेच उत्तर दिले नाही. ते देतील तोवर, ज्या वाचकांना हा वाचनक्रम अपरिचित असेल त्यांच्यासाठी त्याची रचना थोडक्यात सांगतो. ख्रिस्ती उपासनेचे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. ते ३० नोव्हेंबरच्या लगतच्या रविवारी, म्हणजे नाताळपूर्वीच्या चार रविवारांपैकी पहिल्या रविवारी, आगमनकालाने सुरू होते. पुढे नाताळ, मग राखेच्या बुधवारपासून प्रायश्चित्तकाल, पुनरुत्थानाचा पन्नास दिवसांचा काल, आणि पेंटेकॉस्टनंतर, वर्ष संपेपर्यंत, ज्याला सामान्य काल म्हणतात ते दीर्घ दिवस, ज्यांत धर्मगुरूंचा झगा हिरवा असतो. आमच्याकडे हा हिरवा काल पावसाच्या तोंडावर सुरू होऊन सुगीपर्यंत चालतो, ही एक जुळून आलेली गोष्ट. पूर्वी रोमन चर्चमध्ये रविवारची वाचने दरवर्षी तीच ती येत. त्यांत मार्कला जवळजवळ स्थानच नव्हते, आणि जुना करार रविवारी क्वचितच कानी पडे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचे जे शासन प्रसिद्ध केले त्यात शास्त्राचे भांडार लोकांसाठी अधिक मोकळेपणाने उघडावे असे ठरले, आणि त्यानुसार तयार झालेला तीन वर्षांचा नवा क्रम ३० नोव्हेंबर १९६९ रोजी, आगमनकालाच्या पहिल्या रविवारी, अमलात आला. एक वर्ष मत्तयाचे, दुसरे मार्कचे, तिसरे लूकचे. ज्या सनाला तीनने निःशेष भाग जातो ते लूकचे. योहानाचे शुभवर्तमान प्रायश्चित्तकालात आणि पुनरुत्थानकालात वाचतात, आणि मार्क सर्वांत त्रोटक असल्यामुळे त्याच्या वर्षी पाच रविवार योहानाच्या सहाव्या अध्यायाला मिळतात. पुढे अनेक प्रॉटेस्टंट चर्चेसनी हाच सांगाडा स्वीकारून आपला सामाईक क्रम बनवला, त्याची सुधारित आवृत्ती १९९२ सालची आहे.

“तुम्ही चुलीपाशी बसून आलेले असता, हे मला मान्य आहे,” मास्तर म्हणाले. “पण पाळकसाहेब, उपदेशकाला लोकांची गरज जशी ठाऊक असते तशी त्याला स्वतःची आवडही ठाऊक असते, आणि ती दोन्ही एकाच आवाजात बोलतात. कोणती कोणती हे त्याला तरी प्रत्येक वेळी कळते काय?”

“आमच्याकडे कीर्तनाची परंपरा आहे. नगरमध्ये कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले, रेव्हरंड टिळकांनी ते पुढे नेले. समोरचा समुदाय पाहून कीर्तनकार आपला विषय निवडतो. त्याला कोणी तक्ता दिलेला नसतो.”

“समुदाय पाहून निवडतो, हे खरे. पण सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी काल्याचे कीर्तन असते, त्या दिवशी कृष्णाच्या बाळलीलाच सांगाव्या लागतात. रामनवमीला दुपारी बारा वाजता दुसरा विषय घेऊन कोणी उभा राहत नाही. वर्षाला एक कणा असतो हे या मातीतल्या माणसाला शिकवावे लागत नाही, पाळकसाहेब. एकादशी आली की तो वही न पाहता सांगतो.”

पाळकसाहेबांनी मान डोलावली, पण माघार घेतली नाही. त्यांनी नासरेथच्या सभास्थानाची आठवण काढली. येशू शब्बाथ दिवशी तेथे वाचावयास उभा राहिला, त्याने यशयाचा ग्रंथ उलगडला आणि दीनांना सुवार्ता सांगण्याविषयीचा भाग काढला, असे लूक सांगतो. “काढला, मास्तर. त्याने स्वतः शोधून काढला. समोर कोण बसले आहे हे पाहून काढला.”

“त्याच वाक्याच्या आधी काय आहे ते पाहा. ग्रंथ त्याच्या हाती दिला गेला. यशयाचा ग्रंथ त्याने मागून घेतला नव्हता. तो सेवकाने आणून दिला.”

दोघेही क्षणभर थांबले. एकाच वचनाच्या दोन टोकांना दोघे उभे होते, आणि त्या वचनात दोघांनाही जागा होती, हे त्यांना माझ्याआधी जाणवले असावे.

मग पाळकसाहेबांनी पिशवीतून एक वही काढली. लाल खारव्याच्या बांधणीची, वाण्याच्या चोपडीसारखी लांबट, कडा झिजून मऊ झालेली वही. तीत अडतीस वर्षांतील प्रत्येक रविवारची तारीख, गावाचे नाव आणि उपदेशाचा शास्त्रपाठ, एकाखाली एक, दौतीच्या शाईपासून बॉलपेनपर्यंत बदलत गेलेल्या अक्षरांत नोंदलेला होता. अशी वही ठेवणारा उपदेशक स्वतःशी किती प्रामाणिक असला पाहिजे, हे ती हाती घेताच मनात आले. शेवटच्या पानांवर त्यांनी पुस्तकवार गोषवारा काढला होता. लूकच्या पंधराव्या अध्यायापुढे, जेथे हरवलेल्या मेंढराचा आणि उधळ्या पुत्राचा दाखला आहे, खुणांची रांग ओळ ओलांडून खालच्या ओळीत गेली होती. योहानाच्या तिसऱ्या अध्यायापुढेही तसेच. मार्कच्या सोळा अध्यायांपुढे मात्र मोजक्याच खुणा, आणि मत्तयाच्या पंचविसाव्यापुढे, ज्यात शेवटच्या न्यायाच्या दिवशी मेंढरे आणि शेरडे वेगळी केली जातात, फक्त दोन.

“तुमचा मुद्दा मी तुमच्याआधी काढून ठेवला आहे,” ते म्हणाले. “न्यायाविषयी बोलणे मला जड जाई. माझ्या लोकांना आधीच पुष्कळांनी दोषी ठरवलेले होते, त्यात मी भर कशाला घालू, असे वाटे. पण त्यामुळे तो अध्याय त्यांना अडतीस वर्षांत दोनदाच ऐकू आला, याचा जाब मला द्यावा लागेल.”

मास्तरांनी वही आदराने मिटली आणि बहात्तर सालची हकीकत सांगितली. मी ती त्यांच्या तोंडून पूर्वी ऐकली होती, पण त्या दिवशी ती जशी सांगितली गेली तशी पूर्वी कधी सांगितली गेली नव्हती.

नवा वाचनक्रम लागू होऊन तेव्हा तीन वर्षेही झाली नव्हती. १९७२ हे मत्तयाचे वर्ष होते, आणि १६ जुलै हा सामान्य कालातला पंधरावा रविवार. त्या रविवारी पेरणाऱ्याचा दाखला आणि यशयाचा तोच पावसाचा उतारा आला. आदल्या वर्षी पाऊस तोकडाच झाला होता; त्या वर्षी तो ओढ देऊन बसला होता, आणि पुढे महाराष्ट्राने जो दुष्काळ पाहिला त्याचे सावट तेव्हाच लोकांच्या तोंडांवर दिसू लागले होते. चर्चमध्ये जमलेल्यांपैकी कित्येकांनी पेरणीसाठी राखलेले बियाणे दळून खाल्ले होते. मास्तर तेव्हा तरुण होते, पहिले वाचन त्यांच्याकडे होते, आणि पावसाची ती वाक्ये वाचताना त्यांचा आवाज दोनदा फुटला. ते खाली बसले. धर्मगुरूंनी शुभवर्तमान वाचले, पुस्तक मिटले, आणि बराच वेळ ते काही बोललेच नाहीत.

“मग ते म्हणाले,” मास्तर सांगू लागले, “की आपण तिफणीने पेरतो. चाड्यावर मूठ धरायची, बी नळीतून सरीत पडते, दाणा वाया जात नाही, कारण आपल्यापाशी बियाणे मोजके. हा पेरणारा मात्र हाताने फेकत चालला आहे. वाटेवर पडले, पाखरांनी खाल्ले. खडकाळीवर पडले, उन्हाने करपले. काट्यांत पडले, गुदमरले. या दाखल्यात बी वाया गेल्याची हकीकत तीनदा आहे, पीक आल्याची एकदाच. तेव्हा ज्याचे पीक गेले त्याने असे समजू नये की हा दाखला आपल्यासाठी नाही. यातली तीन वाक्ये त्याची आहेत. आणि ज्याने ही तीन वाक्ये सांगितली तो पेरणे थांबवत नाही. एवढेच बोलून ते वेदीकडे वळले. पाच मिनिटेही झाली नसतील.”

पाळकसाहेब काही बोलले नाहीत.

“पुढे एकदा मी त्यांना या प्रवचनाविषयी विचारले,” मास्तर म्हणाले. “ते म्हणाले, निवड माझ्या हाती असती तर त्या रविवारी पावसाचे नाव काढण्याचे धाडस मी केले नसते. मी एखादे सांत्वनाचे स्तोत्र घेतले असते. पण वाचन नेमलेले होते. मी त्याच्यापुढून पळू शकलो नाही, आणि पळू शकलो नाही म्हणूनच ते मला सुचले.”

“त्याच रविवारी मी हबक्कूक घेतला होता,” पाळकसाहेब वही उघडून तारीख दाखवीत म्हणाले. “तिसऱ्या अध्यायाचा शेवट. शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरे नाहीत, तरीही देवाच्या ठायी आनंद मानण्याचा निश्चय. लोक रडले. मीही रडलो. तो उपदेश चुकला असे मी आजही म्हणणार नाही.”

“चुकला असे मीही म्हणत नाही. एवढेच म्हणतो की तुम्हाला जे सांगता येईल असे वाटले ते तुम्ही सांगितले, आणि आमच्या धर्मगुरूंना जे सांगता येणार नाही असे वाटत होते ते त्यांना सांगावे लागले.”

या ठिकाणी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. १९६९ पूर्वीच्या क्रमात हाच दाखला, लूकच्या आठव्या अध्यायातून, ईस्टरपूर्वी सुमारे साठ दिवसांवरच्या रविवारी वाचला जाई; अँग्लिकनांच्या जुन्या प्रार्थनापुस्तकातही तो तेथेच आहे. म्हणजे जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत, जेव्हा नगरच्या रानांत ज्वारीचा हुरडा भाजला जातो किंवा कापणीची तयारी चालू असते, तेव्हा आमचे आजेपणजे पेरणीचा दाखला ऐकत. नव्या क्रमाने तो तीन वर्षांतून एकदा, नेमका आमच्या पेरणीच्या तोंडावर आणून ठेवला. ज्यांनी तो ठेवला त्यांच्या ध्यानीमनीही आमचे पाऊसपाणी नव्हते, आणि ज्या देशात तो दाखला प्रथम सांगितला गेला तेथेही पेरणी आमच्या आषाढात नसून शरदातल्या पहिल्या पावसावर होते. पण हाती आलेली वेळ ओळखणे हे उपदेशकाचे काम आहे, आणि ती ओळखावयाची तर त्याला शास्त्राइतकीच तिफणही ठाऊक असावी लागते. पाळकसाहेबांच्या चुलीपाशी बसण्याची थोरवी मला येथे पूर्णपणे मान्य आहे. वचन कोणते हे चुलीने ठरवावे काय, एवढाच प्रश्न उरतो.

मास्तरांनी दुसरा दाखला विहिरीचा दिला. मत्तयाच्या वर्षी प्रायश्चित्तकालाच्या तिसऱ्या रविवारी योहानाचा चौथा अध्याय येतो: भर दुपारी याकोबाच्या विहिरीवर आलेली शोमरोनी स्त्री, आणि तिच्यापाशी पाणी मागणारा यहूदी, ज्याच्या लोकांचा तिच्या लोकांशी भांड्याचाही व्यवहार नसे. “बहुधा मार्च महिना असतो. आमच्या विहिरींनी तळ गाठलेला असतो. आणि एकदा मी सहज जुनी पंचांगे घेऊन मांडणी करून पाहिली. महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेब गेले तो दिवस २० मार्च १९२७. तो रविवार होता. त्या वर्षी ईस्टर १७ एप्रिलला होते, म्हणजे तो प्रायश्चित्तकालाचा तिसरा रविवार. आणि आजची गणना मागे नेली तर १९२७ हे मत्तयाचेच वर्ष ठरते.”

पाळकसाहेब ताठ बसले. नगर जिल्ह्यातील बहुतेक ख्रिस्ती कुटुंबे ज्या समाजांतून आली त्यांना गावच्या पाणवठ्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

“त्या दिवशी हा क्रम लागू नव्हता,” मास्तर सावकाश म्हणाले. “तेव्हाच्या क्रमात त्या रविवारी लूकचा अकरावा अध्याय होता, आणि विहिरीचा भाग त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी. पण आता तो रविवारी आहे. तीन वर्षांतून एकदा, महाडच्या दिवसाच्या आसपास, शोमरोनी बाई घागर घेऊन आमच्या चर्चमध्ये येते. ते कोणी योजलेले नाही. मात्र ते पाहून न पाहिल्यासारखे करणाऱ्या उपदेशकाला क्षमा नाही.”

“किती जण पाहतात?”

“थोडे.”

हे उत्तर मास्तरांनी ज्या प्रांजळपणाने दिले त्यामुळे संवादाला पुढचे वळण मिळाले. पाळकसाहेबांनी आपल्या परंपरेची बाजू आता निराळ्या रीतीने मांडली. नेमलेली वाचने सोडून देणाऱ्या सुधारकांनी ती लहर म्हणून सोडली नव्हती: झ्विंग्लीने १ जानेवारी १५१९ रोजी झुरिचमध्ये रविवारचे तुटक उतारे बाजूला ठेवले आणि मत्तयाच्या पहिल्या अध्यायापासून क्रमाने बोलण्यास आरंभ केला, काल्विनला १५३८ च्या ईस्टरच्या सुमारास जिनिव्हातून घालवून दिले, आणि १५४१ च्या सप्टेंबरात परत आल्यावर, मधली तीन वर्षे जणू लोटलीच नव्हती अशा रीतीने, त्याने सोडलेल्या जागेपासूनच पुढचा उपदेश सुरू केला. त्यांच्याही सुमारे अकरा शतके आधी अंत्युखियात योहान ख्रिसोस्तोमाने एकट्या मत्तयावर नव्वद प्रवचने दिली होती. आणि आपल्या भाषेतली साक्ष हवी असेल तर फादर स्टीफन्सचे १६१६ सालचे ख्रिस्तपुराण आहे, जे साष्टीतल्या नवख्रिस्तींसाठी रचले गेले आणि ज्यात सारी कथा उत्पत्तीपासून पुनरुत्थानापर्यंत ओवीबद्ध, अखंड येते.

“तर मग पाळकसाहेब, तुमच्या पूर्वजांनीही स्वतःच्या निवडीला वाव ठेवला नव्हता. त्यांनी आमचा तक्ता टाकला, पण पुढचे वचन टाळण्याची मोकळीक स्वतःला दिली नाही. रविवारी सकाळी आवडीचा उतारा शोधणे ही त्यांची रीत नव्हे.”

“नव्हे,” पाळकसाहेब म्हणाले. “ती आमची रीत झाली. ते मी कबूल करतो. पण आता माझे एक ऐका. तुमच्या तक्त्यात मला ती कंबरेत वाकलेली बाई कोठे आहे ते दाखवा.”

मास्तरांना संदर्भ चटकन लागला: लूक, तेरावा अध्याय, दहाव्या वचनापासून. शब्बाथ दिवशी सभास्थानात अठरा वर्षे वाकलेली, मान वर करता न येणारी एक स्त्री. येशू तिला पाहतो, बोलावतो, तिच्यावर हात ठेवतो, ती सरळ उभी राहते. सभास्थानाचा अधिकारी रागावतो, कारण बरे होण्यासाठी आठवड्याचे सहा दिवस मोकळे होते. आणि येशू तिला अब्राहामाची कन्या म्हणतो. पाळकसाहेबांनी वहीतले एक पान काढले. राहुरी तालुक्यातले एक खेडे, ऑगस्ट महिना.

“खुरपणीचे दिवस होते. बायका सकाळी पात धरत त्या दिवस मावळेपर्यंत वाकूनच पुढे सरकत. रविवारी त्या येत तेव्हा बसतानाही त्यांचा हात कंबरेवर असे. मी कसला तक्ता पाहिला नव्हता. मी त्यांचे हात पाहिले होते. हा भाग वाचला, आणि तिचे दुखणे अठरा वर्षांचे होते एवढेच सांगून गप्प राहिलो. उपासना झाल्यावर एक म्हातारी माझ्यापाशी आली. ती म्हणाली, पाळकबाबा, त्यानंच तिला आधी हाक मारली, नव्हं? ती काही मागाया आली नव्हती. मी तोवर पंधरा वर्षे उपदेश करीत होतो, मास्तर, आणि हे माझ्या लक्षात आले नव्हते. ती काही मागत नाही. ती नेहमीसारखी येऊन बसलेली असते, आणि तो तिला पाहतो.”

मास्तर उठून आत गेले आणि वाचनक्रमाचे जाड पुस्तक घेऊन आले. चष्मा लावून त्यांनी लूकच्या वर्षाची पाने चाळली. विसाव्या रविवारी बाराव्या अध्यायाचे एकोणपन्नासावे ते त्रेपन्नासावे वचन. एकविसाव्या रविवारी तेराव्या अध्यायाचे बाविसावे ते तिसावे. मधली ती बाई नव्हती. त्यांनी बोट फिरवीत नित्याच्या दिवसांच्या वाचनांची पाने पाहिली, आणि अखेर ती सापडली: तिसावा आठवडा, सोमवार.

“सोमवारी त्या बायका रानात असतात,” पाळकसाहेब म्हणाले.

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मास्तरांनीच, कोणी विचारले नसताना, आणखी एक जागा दाखवली. मार्कच्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी दुःखसहनाचा जो वृत्तान्त वाचतात त्याचा आरंभ चौदाव्या अध्यायात आहे, आणि तेथे बेथानीत येशूच्या मस्तकावर मोलाचे सुगंधी तेल ओतणारी स्त्री आहे, जिच्याविषयी तो म्हणतो की जेथे जेथे शुभवर्तमान सांगितले जाईल तेथे तेथे तिच्या या कृत्याची आठवण सांगितली जाईल. परंतु त्या दिवशी वेळ वाचावा म्हणून संक्षिप्त वाचनाचीही सवलत आहे. ते पंधराव्या अध्यायापासून सुरू होते, आणि संक्षेप निवडला की ती स्त्री गळते.

“मी स्वतः तो संक्षेप सुचवला आहे,” मास्तर म्हणाले. “ऊन फार असते म्हणून. यापुढे सुचवणार नाही.”

या दोघांत माझा कौल मागितला गेला नाही, तरी तो सांगणे मी माझे कर्तव्य समजतो. नेमलेल्या वाचनाच्या बाजूने मी आहे, आणि तो संवाद ऐकून ही निष्ठा माझ्या ठायी अधिक दृढ झाली आहे. शुभवर्तमान उपदेशकाच्या मालकीचे नाही. ते समुदायाचे आहे, आणि समुदायाला ते सबंध मिळण्याचा हक्क आहे, उपदेशकाला जड जाणाऱ्या भागासह. पाळकसाहेबांसारखा प्रेमळ मेंढपाळसुद्धा, वही समोर नसती तर, आपण काय काय सोडले हे जाणू शकला नसता; आणि अशी वही शंभरांत एखादा ठेवतो. पण ज्या न्यायाने मी उपदेशकाच्या आवडीवर अंकुश मागतो त्याच न्यायाने वाचनक्रम करणाऱ्यांच्या गाळलेल्या जागांचाही हिशेब मागितला पाहिजे. प्रॉटेस्टंटांच्या सामाईक क्रमाने त्या वाकलेल्या स्त्रीला लूकच्या वर्षी ऑगस्टातल्या एका रविवारी जागा दिली आहे. तेव्हा ही दुरुस्ती अशक्य कोटीतली नाही.

तोवर, आमच्या कॅथलिक धर्मगुरूंना माझी नम्र विनंती आहे. रविवारचे वाचन स्वतःच्या अखत्यारीत बदलणे त्यांच्या हाती नाही, हे मी जाणतो. परंतु लूकच्या वर्षी एकविसाव्या रविवारी, अरुंद दाराविषयीचे नेमलेले शुभवर्तमान वाचून झाल्यावर, प्रवचनात त्याच्या लगेच आधीची हकीकत सांगण्यास कोणतीही आडकाठी नाही: दहावे ते सतरावे वचन, सारी मिळून आठ वचने, वाचावयास दोन मिनिटे पुरतात. तो रविवार २१ ते २७ ऑगस्टच्या दरम्यान येतो, आणि तेव्हा नगर जिल्ह्यात खुरपणीची कामे चालू असतात.